साडेपाचपर्यंत जनाभावजी घरी होते

आधीच सांगून टाकते. भुतंखेतं, करणी, बाहेरची बाधा यातलं काहीही मी मानत नाही. कधी मानलं नाही आणि आता या वयात मानायला लागेन असंही वाटत नाही. तुमच्या या सदरात दर महिन्याला कुणाची तरी आत्या नाहीतर मेहुणा "वेड्यासारखं" करायला लागतो, मग कोणीतरी जाणकार येतो, लिंबू कापतो, आणि आत्या खडखडीत बरी! मी वाचते आणि अंक मिटून ठेवते. राग येतो हो. कारण ज्या घरात खरंच असं माणूस असतं ना, तिथे टोपलीभर लिंबं आधीच कापून झालेली असतात. आमच्याकडे झाली होती.

तरी लिहितेय. आमच्याकडे एका शनिवारी दुपारी जे झालं, ते तुमच्या गोष्टींच्या बरोब्बर उलटं होतं. आणि त्याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही...

माझं माहेर कसाऱ्याचं, वडील रेल्वेत होते. डी.एड. शहापूरला केलं आणि ब्याण्णव साली लग्न होऊन मुरबाड तालुक्यात आले. टोकावड्याच्या अलीकडे माळशेज रोडवर एक फाटा लागतो, तिथून आत वीस मिनिटं चालत आमचं गाव. नाव मुद्दाम देत नाही. फाट्याजवळच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मला नोकरी मिळाली. हे — म्हणजे माझे मिस्टर — कल्याणकडे एका कंपनीत. रोजचं जाणंयेणं परवडत नाही म्हणून आठवडाभर तिकडेच खोलीवर राहायचे, शनिवारी संध्याकाळी घरी. म्हणजे घरात कोण? मी, सासूबाई, आणि धाकटे दीर, जनार्दन. जनाभावजी.

लग्नाच्या वेळी मला सांगितलं होतं, "दिराची तब्येत जरा नरम असते." जरा नरम!

जनाभावजी आय.टी.आय. झालेले फिटर. हुशार म्हणून नाव होतं. अंबरनाथला एका कारखान्यात चांगले कामाला होते. चोविसाव्या वर्षी सुरू झालं. फोरमन माझ्या मशीनमध्ये काहीतरी ठेवतो, डब्यात काहीतरी कालवतो, रस्त्यातली माणसं माझं नाव घेऊन बोलतात... एके दिवशी काम सोडून अंबरनाथहून चालत घरी आले. पायांची सालटं निघालेली. त्यानंतर ते पडवीतल्या कोपऱ्यात जे बसले, ते बसलेच.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं वर्ष-दीड वर्ष असंच चाललं होतं. अंगावर चादर, तोंड भिंतीकडे, ओठ हलताहेत. मध्येच हसायचे. आंघोळ आठवड्यातून एकदा, तीही भांडून. माझ्या हातचा चहा घेण्याआधी कप नाकाशी धरून विचारायचे, "बाई, काय टाकलंस?" मी त्यांच्यासाठी वहिनी नव्हतेच. "बाई", नाहीतर "ती".

आणि गाव? गावात तीन पार्ट्या होत्या. पहिली म्हणायची, बाहेरचं आहे. दुसरी म्हणायची, काही नाही, नाटकं आहेत, कामाचा आळस, दोन फटके द्या. तिसरी पार्टी सगळ्यात भारी — "लग्न लावून द्या, सुधारेल!" कुणाची मुलगी द्यायची ते कोणी सांगत नव्हतं. स्वतःची तर नाहीच.

शेवटी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मीच हट्ट धरला आणि ह्यांना घेऊन जनाभावजींना ठाण्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं — स्किझोफ्रेनिया. मला तो शब्द नीट उच्चारायलाच महिना लागला. त्यांनी समजावलं ते मात्र पहिल्या दिवशीच डोक्यात बसलं. "हे खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच ऐकू येतं. वाद घालू नका, होला होही करू नका. मधुमेहासारखं समजा, गोळ्या वर्षानुवर्षं लागतील."

गोळ्यांनी फरक पडला. ओरडणं गेलं, रात्री झोप लागू लागली. पण हात थरथरायला लागले. पेला धरला की अर्धा अंगावर. दाढी मग हे करून द्यायचे, दर रविवारी. आणि "पहिल्यासारखा" काही तो माणूस झाला नाही. कोपऱ्यातच बसायचे, फक्त शांत. हे लोकांना सांगायला जावं तर — "मग गोळ्यांचा उपयोग काय?" अहो, साखरेच्या गोळीने साखर आटोक्यात राहते, मुळातून जात नाही, हे ह्याच लोकांना बरोबर कळत होतं!

सासूबाई वाईट नव्हत्या. पोरासाठी जीव टाकायच्या. पण त्यांचे भाऊ, म्हसा गावचे मामा, यांचा शब्द त्यांना देवाच्या जागी. मी नव्याण्णव साली ट्रेनिंगसाठी आठ दिवस शहापूरला गेले होते, तेवढ्यात मामांनी जनाभावजींना त्यांच्या ओळखीच्या एका भगताकडे नेऊन आणलं. मी परत आले तर डोळे सुजलेले, मनगटावर दोरीचे वळ, गोळ्यांची पाकिटं ओढ्यात टाकलेली. मिरच्यांचा धूर दिला होता म्हणे. "लय ओरडला त्यो," सासूबाई मला कौतुकाने सांगत होत्या, "ओरडत व्हता म्हंजी निघत व्हता." पुढे सहा महिने आम्ही काय भोगलं ते इथे लिहीत नाही. पुन्हा ठाण्याच्या फेऱ्या, पुन्हा पहिल्यापासून गोळ्या.

ही एवढी पार्श्वभूमी. आता तो शनिवार.

दोन-अडीच वर्षांनी, थंडीतली गोष्ट. म्हसाची जत्रा आठवड्यावर आली होती. मामांनी निरोप धाडला होता — रविवारी येतो, जनाला जत्रेला नेतो, तिथून तसंच पुन्हा भगताकडे, ह्या वेळी मुळासकट काढून टाकू. सासूबाईंनी जनाभावजींचे कपडे धुऊन घडी करून ठेवले होते. आठवडाभर मी आणि सासूबाई एकमेकींशी बोलत नव्हतो.

सकाळची शाळा. सुटून मी घरी आले तेव्हा बारा वाजत आले होते. सासूबाई अंगणात वाल पाखडत होत्या. मी पडवीत पर्स ठेवली, चप्पल काढली, आणि मागून आवाज आला —

"वयनी, हातपाय धुवून घ्या. जेवायला बसू. मला पण भूक लागलेय."

मी आधी पाहुणा शोधला. खरंच सांगते, वळून दारात बघितलं, कोण आलंय म्हणून. कोणी नव्हतं. कोपऱ्यात जनाभावजी बसले होते. भिंतीकडे पाठ करून! केस ओले करून भांग पाडलेला. हातात पाण्याचा तांब्या. आणि तो तांब्या हलत नव्हता.

तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल. छे. पहिला विचार काय आला सांगू? आता हे काय नवीन. मी सरळ आत गेले, गोळ्यांचा डबा उघडला. रात्रीच्या, सकाळच्या, सगळ्या बरोबर घेतलेल्या. बाहेर येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला. एरवी हात लावला तर अंग चोरायचे. ते शांत बसून राहिले. ताप नाही.

"ताप नाय वयनी," ते म्हणाले. "बसा. माझ्याकडे साडेपाचपर्यंत टाइम आहे."

"साडेपाचला काय आहे?"

"ते मला पण नाय माहीत. पण तेवढाच आहे एवढं कळतंय."

"कोणी सांगितलं? आवाजाने?"

"नाय ना. आवाज आज नायच. सकाळी शाळेला जाणाऱ्या पोरांचा गलका ऐकला, आणि तो नुसता गलका होता. म्हणून तर कळलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दादाला बोलवा. लवकर."

नऊ वर्षांत या माणसाने माझ्या डोळ्यांत बघून एक पूर्ण वाक्य म्हटलं नव्हतं. मी हातपाय न धुताच उलट पावली निघाले. फाट्यावर एसटीडी बूथ होता. वीस मिनिटांची वाट मी अर्धी धावत गेले. कंपनीत फोन लावला, तिथल्या बाबूने होल्ड करायला सांगितलं. हे फोनवर येईपर्यंत दहा मिनिटं गेली.

"अहो, ताबडतोब निघा. भावजी... भावजी बोलताहेत."

"म्हणजे? ओरडतोय का परत?"

"नाही हो! बरे आहेत. नीट बोलताहेत. तुम्हाला बोलावलंय. साडेपाचपर्यंतच—"

"साडेपाचपर्यंत काय?"

आता हे फोनवर कसं सांगायचं? मी सांगितलं तसंच, ते म्हणाले तसं. पलीकडून थकलेला आवाज, "हे बघ, आज काय ते नवीन काढलंय त्याने. शनिवारच आहे ना? येतोच आहे मी संध्याकाळी."

"अहो, तुम्हाला कळत कसं नाही—"

फोन कट झाला. लाइन गेली की त्यांनी ठेवला, ते मी कधी विचारलं नाही. परत लावला, लागला नाही. परत लावला, कोणी उचलला नाही. तिथून घरी येताना मी त्या माणसाला मनातल्या मनात इतकं बोलले... आणि आपण स्वतःही एक तास इथेच घालवला, हे लक्षात आलं तेव्हा स्वतःलाही.

घरी आले तर जनाभावजींनी दाढी केलेली. स्वतः. ह्यांचं रेझर घेऊन, खिडकीला आरसा टेकवून. एक ओरखडा नाही. ज्या माणसाला पेला धरता येत नव्हता! सासूबाई समोर मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन उभ्या, रडताहेत, दृष्ट काढताहेत, तोंडाने देवीचा धावा चाललाय.

"आये, ते मीठ ठेव खाली," ते म्हणाले. "माझ्याजवळ बस."

आम्ही तिघं जेवलो. त्यांनी वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं. कशाचाही वास घेतला नाही. जेवता जेवता बोलत होते, आणि मी मूर्खासारखी मध्ये मध्ये "आणखी वाढू का" विचारत होते.

मी विचारलं शेवटी, "भावजी, चहात काहीतरी घातलंय असं तुम्हाला का वाटतं?"

"वाटत नाय वयनी. वाटलं असतं तर तुमच्याशी भांडलो असतो, पटवून घेतलं असतं. ते माहीत असतं. आता ही भिंत आहे, हे तुम्हाला वाटतं का? तुम्हाला माहीत आहे. तसं." मग सासूबाईंकडे वळले. "तू म्हणतेस, जना, भाकर खा. तुझे ओठ तेच म्हणतात. पण माझ्यापर्यंत येईस्तोवर ते दुसरंच झालेलं असतं. मग मी तुला शिव्या देतो. त्या तुला नसतात गो."

सासूबाई पदर तोंडात धरून ऐकत होत्या. मग त्यांनी तेच केलं, ज्याची मला भीती होती. जनाभावजींच्या पायाला हात लावत म्हणाल्या, "देवी पावली रे. भावानं सांगितलं व्हतं, आधी धूर बसतो, मग उशिरानं गुण येतो. तवाचाच गुण आला बग."

जनाभावजींनी जेवणाचं ताट बाजूला केलं. आवाज चढवला नाही.

"आये, त्या दिवशी मला सगळं कळत होतं."

"कुठल्या दिशी?"

"मिरच्यांच्या. मामानं हात बांधले, तू पाय धरलेस. तू डाव्या बाजूला होतीस, तुझ्या लुगड्याची हिरवी किनार माझ्या तोंडावर येत होती. ओरडत होता तो मीच होतो. भूत नव्हतं. 'आये, सोड' असं म्हणत होतो."

सासूबाईंनी हातातला पदर सोडला आणि अंगणाकडे बघत राहिल्या. त्या बाईला त्या क्षणी मी नऊ वर्षांत पहिल्यांदा म्हातारी झालेली पाहिली.

मग जनाभावजींनी माझ्याकडे कागद मागितला. मी शाळेच्या वहीचं पान फाडून दिलं. मांडी घालून, पाटावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं. आय.टी.आय.मध्ये ड्रॉइंगवर लिहायला शिकवतात तसं सुटं, सरळ अक्षर —

"मी जनार्दन आज पूर्ण शुद्धीत लिहितो. माझ्या गोळ्या बंद करू नये. मी नको म्हटलं तरी. मी शिव्या दिल्या तरी. मला कोणाकडे धुरासाठी नेऊ नये. गोळ्यांनी हात थरथरतात, जीभ जड होते, ते डॉक्टरांना सांगावे, मला सांगता येत नाही. वयनी सांगतील तसे करावे." खाली सही. वेळ, तीन चाळीस.

"आता मामाला दाखवा हे," म्हणाले.

मी तेव्हा एक अगदी खुळचट गोष्ट बोलले. शिकलेली बाई, मुलांना विज्ञान शिकवते, आणि म्हणाले, "भावजी, मग असेच राहा ना. सोडूच नका."

ते हसले. आधीचं ते एकट्याचं हसणं नव्हे. माझ्याकडे बघून हसले. "धरून ठेवता आलं असतं तर अंबरनाथलाच धरलं असतं, वयनी."

मग ते अंगणात गेले, गुरांच्या गोठ्यापर्यंत फिरून आले. जांभळीचं झाड केवढं झालं म्हणाले. माझ्या लग्नानंतर वर्षभरातच गेलेल्या वडिलांबद्दल विचारलं — शेवटी त्रास झाला का, माझं नाव घेत होते का. वडील गेले तेव्हा भावजी त्याच घरात, त्याच पडवीत होते. मी खरं ते सांगितलं. घेत होते. मी दर दहा मिनिटांनी रस्त्याकडे बघत होते. चारची गाडी गेली. हे आले नाहीत. पावणेपाचची गेली. हे आले नाहीत. तुम्हाला सांगते, त्या दिवशी मला भुताचा राग नव्हता, आजाराचा नव्हता, नवऱ्याचा होता.

सव्वापाचला जनाभावजी स्वतःहून उठले, कोपऱ्यात जाऊन बसले आणि चादर अंगावर ओढून घेतली. संध्याकाळची थंडी अजून पडायची होती. जणू गाडीची वेळ झाली म्हणून माणूस सामान आवरतो, तसं.

"आला नाय ना तो?"

"येतील हो. बस लेट असेल."

"दादाला सांगा, रागावलो नाय." मग म्हणाले, "आये, हात दे."

सासूबाईंनी हात हातात घेतला. भिंतीवर आमचं घड्याळ होतं, मी त्याच्याकडे टक लावून बघत होते. पाच अठ्ठावीस. एकोणतीस. मला वाटत होतं, काही होणार नाही, हे त्यांच्या मनाचे खेळ आहेत, साडेपाच वाजतील आणि आम्ही तिघंही हसू.

साडेपाचला आधी त्यांचा अंगठा थरथरला. मग पंजा. मग मनगट. सासूबाईंचा हातही त्याबरोबर हलायला लागला. जनाभावजींनी माझ्याकडे बघितलं, आणि मी बघत असताना त्यांच्या डोळ्यांतून मी गेले. दुसऱ्या कसल्या शब्दांत सांगता येत नाही. माझ्याकडेच बघत होते, पण मी तिथे नव्हते. त्यांनी हात सोडवून घेतला. भिंतीकडे वळले.

"बाई," म्हणाले, "त्या भाताच्या कोठीत कोण बसलंय, त्याला सांग, मला दिसतंय."

हे सव्वासहाला आले. मुरबाडला भजी घ्यायला उतरले होते. भजी! कोपऱ्याकडे नजर टाकून मला म्हणाले, "दाढी कोणी केली याची?" मी कागद हातात दिला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला. ते अक्षर त्यांना ओळखायला माझी गरज नव्हती, लहानपणी एकाच पाटीवर शिकलेले दोघं. वाचून झाल्यावर ते जनाभावजींच्या समोर जाऊन खाली बसले. "जना," म्हणाले. "ए जना. आलोय मी." कितीदा म्हणाले ते मी मोजलं नाही. मी आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मामा आले, टॅक्सी घेऊन. सगळी हकिकत ऐकली आणि मांडीवर थाप मारली. "बोललो नव्हतो? हा देवीचा दाखला! पाच तास मोकळा केला, आता जत्रेत कायमचा करू. त्या गोळ्या बंद करा आधी, त्याच आडव्या येतायत." मी कागद पुढे केला. त्यांनी तो लांब धरून वाचला, आणि मिशीत हसून म्हणाले, "सूनबाई, अक्षर छान आहे तुमचं."

मला त्या क्षणी काय करावंसं वाटलं ते छापण्यासारखं नाही. नऊ वर्षं मी समजावत होते. डॉक्टरांचे कागद दाखवत होते. आता त्या माणसाने स्वतः सांगितलं, लिहून दिलं, तरी मामांचं तेच! म्हणजे वेडा आहे म्हणून त्याचं ऐकायचं नाही, आणि शुद्धीवर येऊन बोलला तर तो नाहीच, देवी बोलली. मग त्या माणसाने बोलायचं तरी कधी?

पण तोवर सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. भावापुढे त्यांनी आयुष्यात मान वर केली नव्हती.

"भाऊ, त्यो कुठं नाय जायचा."

"अगं, पण—"

"मी पाय धरलं व्हतं त्याचं. त्यो मला 'सोड' म्हणत व्हता. तुला ठावं हाय का, तुझ्या भाच्याला सगळं ठावं व्हतं?" आणि टॅक्सीवाल्याला म्हणाल्या, "तू च्या घे, बाबा, आन् जा. इथून कोन नाय यायचा."

मामा वर्षभर आमच्याकडे आले नाहीत. बरंच झालं.

सासूबाई मात्र पूर्ण बदलल्या वगैरे समजू नका. गोळ्या त्या स्वतःच्या हाताने द्यायला लागल्या, आणि गोळी दिली की वरून अंगाराही लावायच्या. मी दात-ओठ खाऊन गप्प बसायचे. पुढचं वर्षभर दर शनिवारी त्या वालाचं बिरडं करून बाराच्या सुमाराला पडवीत बसून राहायच्या. दर शनिवारी! मी चिडायचे. "आई, असं ठरवून येत नसतं." त्या म्हणायच्या, "पण आलाच तर उपाशी कशाला?"

ठाण्याच्या डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताप होता?" जोराच्या तापात कधी कधी असं होतं म्हणे. नव्हता. गोळी चुकली होती? नाही. मग म्हणाल्या, या आजारात समज येते-जाते, एखादा चांगला काळ येऊ शकतो, त्यात भुताटकी काही नाही. पटलं मला. मग मी हातांचं विचारलं. गोळ्यांनी आलेला कंप गोळी पोटात असताना पाच तास पूर्ण थांबतो आणि घड्याळ लावल्यासारखा साडेपाचला सुरू होतो? त्या पेन टेबलावर आपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे घड्याळ बरोबर होतं?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मला नाही सांगता येत." प्रामाणिक बाई. गोळ्या मात्र त्यांनी बदलून दिल्या, त्या कागदावर लिहिलं होतं म्हणून. कंप बराच कमी झाला.

मी स्वतः खूप डोकं लढवलं. साडेपाच त्यांनीच मनाशी धरलं आणि मनानेच स्वतःला परत नेलं? असेलही. पण मग आणलं कोणी? आणि मन जर एवढं करू शकतं तर बाकीच्या सगळ्या शनिवारी कुठे असतं?

सासूबाई दोन हजार पाचला गेल्या. जनाभावजी आहेत. नव्या गोळ्यांनी बरे आहेत, म्हणजे त्यांच्या मानाने बरे. लसूण सोलून देतात, गुरांना पाणी दाखवतात. आवाज आहेत, पण लांब आहेत असं सांगतात. गावातल्या तिन्ही पार्ट्या अजून तशाच आहेत, फक्त लग्नाचं आता कोणी काढत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा धीर करून त्यांना विचारलं. इतकी वर्षं टाळलं होतं. दुपारची वेळ होती, दोघं पडवीत लसूण सोलत बसलो होतो.

"भावजी, एकदा शनिवारी तुम्ही आमच्याशी खूप बोलला होतात. दाढी केलीत, कागद लिहून दिलात. आठवतं?"

त्यांनी हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली.

"मला सांगितलं होतं आयेनं," ते म्हणाले. "तो आला होता म्हणून."

"कोण तो?"

"जनार्दन. फिटर. मी त्या दिवशी घरात नव्हतो." आणि मान वर करून, चक्क दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "तुमी सगळे बसलात त्याच्याशी बोलत. मला एक हाक मारायची नाय?"